सापळ्यातलं शून्य

कृषी सहाय्यक मॅडमनी आमच्या समाजमंदिरात उभं राहून "कामगंध सापळा" हे दोन शब्द उच्चारले, तेव्हा निम्मी माणसं जमिनीकडे बघू लागली आणि उरलेली वरच्या पत्र्याकडे. मॅडम पंचविशीच्या, दुसऱ्या जिल्ह्यातून घाटंजीला नव्यानेच आलेल्या. त्यांच्या एका हातात पिवळ्या प्लास्टिकचं नरसाळं होतं, त्याखाली हातभर लांब पारदर्शक पिशवी लोंबत होती आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत रबराची एवढीशी टोपी. या टोपीला मादी पतंगाचा वास लावलेला असतो, त्या सांगत होत्या. खरा नाही, कारखान्यात तयार केलेला. गुलाबी बोंडअळीचा नर पतंग रात्री त्या वासामागे येतो, नरसाळ्यातून खाली घसरतो आणि पिशवीत अडकतो. आपण सकाळी मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ किंवा जास्त पतंग निघाले, तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. त्याआधी उगाच औषध मारायचं नाही.

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे बाईच्या नादानं गडी गड्ड्यात पडते. हे सांगाले कारखाना कायले काढा लागते? आमाले इचारलं असतं तं फुकटात सांगतलं असतं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांना आमची बोली कळली नसावी, किंवा चांगलीच कळली असावी. मी मात्र मोठ्याने हसलो आणि त्यामुळे नजरेत भरलो. "काका, हे पत्रक जरा सगळ्यांना वाचून दाखवता का?" म्हणत त्यांनी सूचनांचा कागद माझ्या हातात दिला. आमच्या तांड्यावर माझ्या वयाचा बारावी झालेला मी एकटा. लग्नपत्रिकेपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं वाचायचं काम माझ्याकडेच येतं. मी उठलो, तोंडातला खर्रा डाव्या गालात सरकवला आणि नऊच्या नऊ सूचना स्वच्छ आवाजात वाचल्या.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटलेला माल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सोयरिकीपासून भांडणापर्यंत कुठलीच गोष्ट त्याच्याशिवाय सुरू होत नाही. ती घोटून मऊ झालेली पन्नी उघडायची, तीन बोटांनी चिमूट उचलायची आणि गालात ठेवायची. मी हे चोवीस वर्षं करतो आहे. सूचना क्रमांक पाच काय होती, ते पुढे येईल. मी ती वाचली होती, एवढं इथे लिहून ठेवतो.

ज्याने वाचलं त्यालाच समजलं, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून आमच्या शिवारातले तीस सापळे लावणं, रोज सकाळी मोजणं आणि आकडे मोबाईलच्या ग्रुपवर टाकणं हे काम एकमताने माझ्यावर आलं. मी आढेवेढे घेतले नाहीत, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. लोकसेवेची हौस मला कधीच नव्हती. माझं कारण घरातलं होतं.

माझ्या मोठ्या भावाला मी भिया म्हणतो. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भावाला तेच म्हणतात. शेत आमच्या दोघांचं, चूल एकच. काही वर्षांपूर्वी, कपाशी डोक्याच्या वर गेली होती त्या साली, भिया भर उन्हात पाठीवर पंप घेऊन फवारत होता. नळी वर धरायची आणि मारलेलं औषध वाऱ्याने स्वतःच्याच तोंडावर घ्यायचं, असं ते काम. दुपारी तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "तुह्या तोंडाच्या जागी मले पांढरंच दिसून राह्यलं." त्यानंतर कितीतरी दिवस यवतमाळच्या दवाखान्यात. वाचला. पण डावा डोळा धूसर तो धूसरच राहिला आणि हात थरथरायला लागले. तो बशीतून चहा प्यायला लागला की कपबशी वाजते, आणि घरात सगळे काहीतरी बोलायला लागतात, म्हणजे तो आवाज कुणाला ऐकू आला नाही असं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. विषाला आम्ही औषध म्हणतो. डॉक्टरही तेच म्हणाले.

मग फवारायचं कोणी? मी. पण मी भितो. हे लिहायला मला लाज वाटते आणि न लिहिण्यात अर्थ नाही. भियाला नाकात नळी घातलेला पाहिल्यापासून पंपाचा वास आला तरी मी तिथून उठून जातो. दोन वर्षं मजूर लावून फवारून घेतलं, तर भियाला ते खपेना. "जे मी भोगलं ते दुसऱ्याच्या लेकराच्या गळ्यात कायले बांधता? येळ आली तं मीच मारीन." आणि नुसतं बोलून थांबायचा नाही. दर श्रावणात तो फळीवरचा पंप खाली काढायचा, नोझल धुवायचा, वायसर बघायचा, त्या थरथरत्या हातांनी. याचे हात पंपासाठी शिवशिवताहेत, असं मला वाटायचं आणि मी सकाळचा चहासुद्धा नीट पिऊ शकायचो नाही.

म्हणून सापळे आले त्या संध्याकाळी मी त्याच्याकडून शब्द घेतला. पतंग मी मोजणार. सलग तीन दिवस आठ किंवा जास्त निघाले आणि मी सांगितलं, तरच फवारणीचा विषय काढायचा. मी नाही म्हटलं, तर त्याने पंपाला हात लावायचा नाही. भियाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दिली जबान," म्हणाला. भिया जबान मोडत नाही. म्हणजे त्या दिवसापासून सापळ्यातला आकडा आठाच्या खाली राहणं ही कपाशीपेक्षा माझीच गरज झाली.

रबरी टोप्यांची पाकिटं थंड जागी ठेवायची होती. थंड जागा म्हणजे आमचा फ्रिज. बायकोने दार उघडून पाहिलं आणि विचारलं, "हे काय आनलं?"

"मादी पतंगाचा वास हाय त्याच्यात."

"दुधापाशी?"

"माणसाले नाही येत तो वास."

"तुमाले कोणताच नाही येत," ती म्हणाली. "सोताच्या तोंडाचा तरी येते का?" आणि पाकिटं उचलून तिने खालच्या कप्प्यात, भाजीच्याही मागे टाकली. पुढचे चार दिवस ती फ्रिज उघडताना तोंड फिरवून उघडायची. तांड्यावरच्या बायकांत ही बातमी पसरायला तेवढाही वेळ लागला नाही. नळावर मला विचारणा झाली की तुमच्या घरी नर किती आले. मी म्हणालो, एकच आहे आणि तो जुना आहे.

तीस सापळे मी एका सकाळी लावले. बांबू रोवायचा, नरसाळं पिकाच्या वर फूटभर बांधायचं, पाकीट फाडून टोपी काढायची आणि झाकणाखालच्या खाचेत अंगठ्याने दाबून बसवायची. काम नाजूक. नाजूक काम करताना तोंडात काही असलं म्हणजे माझा हात स्थिर राहतो. त्या सकाळी मला तीन खर्रे लागले. घोटायचे, उघडायचे, चिमूट लावायची, बोटं धोतराला पुसायची, पुढचा सापळा. अकरा वाजता मी सगळं शिवार संपवून निंबाखाली बसलो, तेव्हा तीस पिवळी नरसाळी वाऱ्यावर डोलत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी शास्त्रीय केलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यातली सात नरसाळी जागेवर नव्हती. चोरी झाली नव्हती. तांड्यावर कोणीतरी डोकं चालवलं होतं की वासाने पतंग येतो, म्हणजे सापळा ज्याच्या वावरात त्याच्या वावरात सगळ्या जगाचे पतंग येणार. तेव्हा ज्याने त्याने आपला सापळा उचलून शेजाऱ्याच्या हद्दीत रोवला होता. आणि ज्याच्या हद्दीत रोवला त्याने तो पुढच्याच्या. एक सापळा तर फिरत फिरत नाल्याच्या पलीकडे स्मशानात जाऊन पोचला होता, तिथे हरकत घेणारं कोणी नव्हतं. मी ते सगळे परत आणले आणि घरोघर जाऊन समजावलं. पटलं कोणालाच नाही. पण मी बारावी असल्यामुळे कोणी उलट बोललं नाही.

मग मोजणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तिसांत मिळून पतंग शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी एका पिशवीत एक माशी होती, ती मी प्रामाणिकपणे वगळली. आठवडा गेला, पंधरवडा गेला, आकडा हलेना. ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे, त्यांच्यामध्ये माझं शून्य जायचं, आणि त्याला पन्नास जणांचे हात जोडले जायचे. आजूबाजूच्या गावांत पतंग पडू लागल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्याकडे शून्य. कोणी म्हणालं देवीची कृपा, कोणी म्हणालं आपली जमीन कडक, कोणी म्हणालं आपल्या तांड्यावरची हवाच वेगळी. ज्यांनी सापळे शेजाऱ्याकडे ढकलले होते ते आता दुसरा सापळा मागायला लागले. चालताना माझी छाती थोडी पुढे यायला लागली होती. न केलेल्या कामाचं श्रेय पचायला फार हलकं असतं.

रोज सकाळी परत आलो की भिया ओसरीवर बसलेला असायचा.

"आज किती?"

"शून्य."

"बरं," म्हणायचा आणि बशी तोंडाला लावायचा. एवढंच. मी आत जाऊन दोन भाकरी जास्त खायचो. त्या दिवसांत मी जितका निवांत होतो तितका भियाच्या आजारपणानंतर कधीच नव्हतो. आणि सुख असं असलं की माणूस त्याच्या पिशवीत हात घालून बघत नाही.

शंका पहिल्यांदा बायकोने काढली. ती निंदायला गेली होती, येताना पदरात दोन फुलं बांधून आणली. कपाशीचं फूल उमलतं. ही उमललेली नव्हती. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुंडाळल्यासारख्या झाल्या होत्या. याला डोमकळी म्हणतात आणि ती दिसली की आत गुलाबी बोंडअळी आहे हे आमच्याकडे सहावीतल्या पोरालाही माहीत असतं.

"सापळ्यात तं एकबी पतंग नाही," मी म्हणालो.

"मी सापळ्याचं नाही बोलून राह्यली. फुलाचं बोलून राह्यली."

"दोन फुलांवरून ठरत नाही काही. शास्त्र हाय त्याच्यामांगं."

"मंग शास्त्राले सांगा फूल उघडून पाहाले," म्हणून ती स्वयंपाकाला गेली. मी फूल उघडून पाहिलं नाही. उघडलं असतं तर मला भियाला काहीतरी सांगावं लागलं असतं. मी ती दोन्ही फुलं गोठ्यात टाकली आणि बैलाने ती खाल्ली, तेव्हा पुराव्याचाही प्रश्न मिटला.

फ्रिजमध्ये एक टोपी उरली होती. एक नरसाळंही जास्तीचं होतं. बायकोला त्या पाकिटाची अडचण व्हायचीच. एक दिवस मी घाटंजीच्या बाजाराला गेलो असताना तिने ते पाकीट उचललं आणि आमच्याच वावरात तुरीच्या ओळीजवळ सापळा लावून टाकला. मला तिने सांगितलंही नाही. लावताना मादीचा वास बोटांना लागू नये म्हणून तिने साखरेची रिकामी पिशवी उलटी करून हातात घातली होती. शास्त्रासाठी नाही, तिला त्याच हातांनी पीठ मळायचं होतं.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या ओट्यावर चार माणसं बसली होती. शेजारच्या गावचे दोन शेतकरी आमच्या शून्याचं रहस्य विचारायला आले होते आणि मी त्यांना जमीन, हवा आणि नियमितपणा यांविषयी सांगत होतो. खर्रा फिरत होता. एवढ्यात बायको वावरातून आली, तिने नरसाळ्याच्या पिशवीची तळाची गाठ सोडली आणि आतला माल माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ओतला.

"मोजा," ती म्हणाली. "तुमाले मोजता येते."

बारीक, करड्या रंगाचे, झालरीच्या पंखांचे पतंग. काही अजून हलत होते. मी मोजले. एकोणीस. पाहुण्यांपैकी एकाने पुन्हा मोजले, त्याचेही एकोणीसच भरले. ते दोघे चहा न पिता गेले.

मी मॅडमना फोन केला. त्या दुपारी स्कूटीवर आल्या, आधी माझा एक सापळा पाहिला, मग बायकोचा. दोन्हींत पंचवीस पावलांचं अंतर. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "काका, टोप्या लावताना हात धुतले होते?"

मी घरातून पत्रक आणलं. सूचना क्रमांक पाच: टोपी हाताळताना बोटांना तंबाखू, कांदा, लसूण यांसारखा उग्र वास नसावा. मी ती समाजमंदिरात वाचली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हेही मी शाळेत वाचलं होतं. वाचण्यात मी कधीच कमी पडलो नाही. तीसच्या तीस टोप्यांवर मादीच्या वासाऐवजी माझा वास बसला होता, आणि माझ्या वासाला भुलून रात्रीचा कोण येणार?

जमलेल्या गड्यांना हे मान्य नव्हतं. "खर्ऱ्याले कुठं वास असते?" एकाने विचारलं. सगळ्यांनी आपापली बोटं नाकाला लावली. खोल श्वास घेऊन हुंगली. कोणालाही काहीही वास आला नाही. चार हात लांब उभ्या असलेल्या मॅडमनी नाकाला ओढणी लावली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी असं ठरलं की टोप्याच खराब निघाल्या असतील, पण काकांच्या समाधानासाठी नव्या लावून बघायला हरकत नाही.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी नव्या टोप्या आणल्या. त्या लावायच्या कामावरून मला काढण्यात आलं. बायको आणि तिच्या दोन चुलत जावा साखरेच्या पिशव्या हातात घालून निघाल्या आणि मी मागून बांबू धरत गेलो. मला खर्रा खायचाही परवाना नव्हता. त्या तीन तासांत मला कळलं की माझ्या शिवारात सकाळी तुळशीसारखा एक वास येतो, तो कुठल्या झुडपाचा ते मला आजही माहीत नाही.

आमच्या वावरातल्या सापळ्यात पहिल्या सकाळी अकरा निघाले. दुसऱ्या सकाळी चौदा. मी ग्रुपवर आधीची सगळी शून्यं खोटी होती असं लिहिलं, आणि का, तेही लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण ही मूठ झाकून इतरांची कपाशी गेली असती. त्या दिवशी सुविचार कोणी टाकला नाही. संध्याकाळपर्यंत शिवारात पंप वाजायला लागले. तांड्यावर मला कोणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त दोन दिवस वाचायला कोणी काही आणलं नाही.

भियाने मोजणीच्या या दोन्ही सकाळी नेहमीसारखं "आज किती?" विचारलं. मी "अकरा" म्हणालो, मग "चौदा" म्हणालो. तो दोन्ही वेळा नुसता मान हलवून बसला. मला माहीत होतं, तो तिसऱ्या दिवसाची वाट बघतो आहे. करार तीन दिवसांचा होता.

तिसऱ्या सकाळी मी एकटाच गेलो. पिशवी सोडली. बारा. मी ते बारा पतंग हातावर घेऊन उभा राहिलो आणि मनात हिशोब सुरू झाला. सात म्हणायला काय हरकत आहे? सात हा आकडा प्रामाणिक वाटतो. शून्यासारखा फुशारकीचा नाही आणि आठासारखा घातकही नाही. घरी सात सांगायचे, उद्या सहा सांगायचे, पंप फळीवरच राहील. कपाशी जाईल ती जाईल, भाऊ राहील. हे मला खरोखर योग्य वाटत होतं, अजूनही पूर्ण चूक वाटत नाही. मग मी हाताशी आलेलं एक बोंड तोडलं आणि दातांनी फोडलं. आत सरकीत तोंड खुपसून गुलाबी अळी बसली होती, जाड आणि पोसलेली. ती एका रात्रीत एवढी झाली नव्हती. माझ्या शून्यांवर ती पंधरा दिवस जेवली होती. आता आणखी खोटं बोलून तिला कितीसं जेवू घालायचं, असं वाटलं. राग आला, अळीचा नाही, माझाच.

भिया ओसरीवरच होता.

"आज किती?"

"बारा," मी म्हणालो.

तो उठला आणि फळीकडे गेला. मी त्याच्या आधी पोचलो. पंप मी काढला. "मी मारतो," असं म्हणालो. भियाने माझ्याकडे चांगल्या डोळ्याने पाहिलं. "तुले नोझल तरी लावता येते का?" विचारलं. येत नव्हतं. त्याने ते लावून दिलं. त्याचे हात थरथरत होते आणि माझे त्याच्याहून जास्त, त्यामुळे दोघांचं मिळून एक नोझल बसायला चांगली पाच मिनिटं लागली. मॅडमनी दिलेला मुखपट्टीचा, हातमोज्यांचा आणि चष्म्याचा संच बायकोने आणून दिला. माझ्या हातमोज्यांची मनगटं तिने सुतळीने घट्ट बांधली आणि तशीच थोडा वेळ धरून ठेवली.

वावरात भियाने धुऱ्याच्या वरच्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, आत यायचं नाही, असं ठरलं. त्याला नीट दिसत नाही, पण वारा त्याला गालावर कळतो. "थांब," तो ओरडायचा, "वारा फिरला." मी थांबायचो. "हं, आता मार. नळी खाली धर. तोंडावर नोको घेऊ." पहिल्या दोन ओळींत चष्म्याच्या आत घाम साचत होता. भियाचा आवाज आला की मी पाऊल टाकायचो, नाही आला की थांबायचो. असं करत ऊन चढायच्या आत अर्धं वावर झालं आणि त्याने मला बाहेर बोलावलं.

नाल्यावर मी कपडे काढून साबणाने अंग घासत बसलो. तो वरून पाणी ओतत होता. लोट्यातलं निम्मं पाणी माझ्यावर पडायचं आणि निम्मं आजूबाजूला. मी त्याला सांगत होतो की अळी थोडी उशिरा हाती लागली, खालची बोंडं गेली, तिथली कवडी, म्हणजे किडका कापूसच, वेचावी लागेल, पण वरची वाचतील. आणि हे सगळं माझ्यामुळे झालं.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"अळी. तुह्या सापळ्यात शून्य होतं तवाच मी चार बोंडं फोडून पाह्यलती. सगळ्यात होती."

मी साबण खाली ठेवला. "मंग सांगतलं काहून नाही?"

"जबान दिल्ती. तू सांगशीन तवाच." त्याने लोटा भरला, पण ओतला नाही. "आन् खरं सांगू का? तू शून्य म्हने तं मले बरं वाटे. पंप वाजला का मले अजूनबी सगळं पांढरं दिसते. रोज सकाळी मी ओसरीवर तेच ऐकाले बसो."

मी विचारलं, मग दर श्रावणात तो पंप काढून धुतोस कायले? मीच मारीन, मीच मारीन, म्हणतोस कायले?

"तू किती भेतं ते मले दिसत नोतं का?" भिया म्हणाला. "घरात एकानं तरी भेत नाही असं दिसाले पाह्यजे ना."

मग त्याने उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि कानामागचा साबण राहिला आहे म्हणून सांगितलं.